बिनानमस्काराचे मेल आऊटरले

मी उपाध्यक्ष कसा झालो ते पह्यले सांगतो, कारन त्यात माहा काहीच हात नाई. मी वर्ध्यात ऑटो चालवतो. शाळेत तिसरीपर्यंत गेलतो. सही करतो त बँकेतली बाई म्हनते, भाऊ, चित्र नको, सही पायजे. अशा मानसाले ज्यानं एका संस्थेचा उपाध्यक्ष केला, तो मानूस कसा असन ते तुमीच पाहा.

आमी त्यायले काकाजी म्हनो. रेल्वेतून रिटायर झालते. सारी नोकरी चौकशीच्या खिडकीमागं, नाई त फलाटाच्या भोंग्यासमोर. नोकरी गेली, पन भोंगा गळ्यातच राह्यला. घरात बी तसेच बोलत. सकाळी मी गेलो का आतून आवाज ये, "कृपया लक्ष द्या. चहा नियोजित वेळेपेक्षा उशिरानं येत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल काकू दिलगीर नाहीत." काकू खरंच दिलगीर नसत.

संस्थेचं काम साधं. कोनाचं हाड मोडलं, कोनाले लकवा मारला, सावंगीच्या दवाखान्यातून सुट्टी झाली, का त्याले घरी वापराले पलंग, वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची फुकट द्यायची. बरा झाला का वापस आनायची. नेनं-आननं माह्या ऑटोतून, आन् सामान ठेवनं काकूच्या बैठकीत. म्हनून काकू अध्यक्ष. जिच्या सोफ्यावर पाहुन्याच्या जागी कमोड बसते तिले अध्यक्ष करा लागते, असं काकाजीचं म्हननं होतं. काकाजी सचिव. उपाध्यक्षाले कोनी भेटेना, मी तवाच वॉकर घेऊन आत शिरलो आन् सापडलो. एकदा कमोडची खुर्ची मागच्या सीटवर मावत नव्हती म्हनून मी टपावर बांधली. चौकात सिग्नलले उभा होतो त ट्राफिक पोलीस वर पाहून म्हने, साहेब बसाचे आहेत का अजून?

काकाजी फोन ठेवत नव्हते. मी एकदा इचारलं, काऊन, त म्हनाले, "जन्मभर लोक माझ्यावर खिडकीतून ओरडले. आता ज्याला ओरडायचं असेल त्यानं लिहून ओरडावं." म्हनून सारं काम मेलवर. पोरगं पुन्यात, बाप सेलूत पडलेला, त पोरगं तिथून मेल टाके. इथले लोकं मोबाईलच्या दुकानात जाऊन टाकून घेत. दर पदाधिकाऱ्याचा मेलचा पत्ता निराळा होता, अध्यक्षाचा, उपाध्यक्षाचा, सचिवाचा. तिन्ही पत्ते काकाजीच्या एकाच कॉम्प्युटरमंधी येऊन पडत, ज्याले काकूनं जुन्या लुगड्याचं झाकन शिवलं होतं. पत्ते आमच्या फलकावर लिहिले होते आन् इंटरनेटच्या पानावर बी. फलकावरून पेशंट आले. पानावरून चोर आले.

आता कोनताही शाना मानूस चोराचा मेल आला का पुसून टाकते. काकाजी उत्तर देत.

"खिडकीवर आला तो प्रवासी," ते म्हनत. "चोरानं गाडी विचारली तरी गाडी सांगायची. तो कुठं उतरतो ते पोलिसांनी बघावं."

कोनी लिहे का तुमचं खातं आज रात्री बंद होऊन राह्यलं. काकाजी लिहीत का गेल्या आठवड्यापासून ते रोजच बंद होऊन राह्यलं, कृपया एकदाच बंद करा आन् कळवा. केस उगवाचं तेल इकनाऱ्याले त्यायनं सोताच्या टकलाचा फोटो पाठवला, उन्हात काढलेला, आन् खाली लिहिलं का जमीन तयार आहे. पन त्यायची खरी दोस्ती जमली ती एका बाईसंग. बाई परदेशातली, तेलाच्या विहिरीवाल्याची विधवा, मरनाच्या दारात, आन् सारी इस्टेट काकाजीच्या नावानं करून राह्यली होती. काकाजीनं तिले रेल्वेच्या इंग्रजीत दुखवट्याचं पत्र लिहिलं. मंग इचारलं का लेटून लेटून पाठीले फोड त नाई आले? हवेची गादी पाठवतो, पिनकोड कळवा. बाई बँकेचा नंबर मांगे, काकाजी पिनकोड मांगत. दोघंही हटले नाईत. असं मयनेच्या मयने चाललं. काकू म्हने, इतकी पत्रं त मले लग्नाच्या आधी बी नाई लिहिली.

याच्यात माही बी शोभा झाली, ते लपवत नाई. एका दिवशी उपाध्यक्षाच्या पत्त्यावर मेल आला का तुमची समाजसेवा पाहून एक विश्वविद्यापीठ तुमाले मानद डॉक्टरेट देऊन राह्यलं. काकाजीनं तो मले भोंग्याच्या आवाजात वाचून दाखवला. मी इचारलं, तिसरी पास चालते का? ते म्हने, समाजसेवा पाहून देतात, मार्कलिस्ट पाहून नाही. मी ऑटोसंग फोटो काढून पाठवला. सर्टिफिकेट येन्याच्या आधीच पेंटर पकडून मागच्या काचीवर लिहून घेतलं, 'डॉ.' आन् पुढं माहं नाव.

माहा ऑटो लागते कुठं, त सावंगीच्या दवाखान्याच्या गेटवर. पह्यल्याच दिवशी एक म्हातारी बसली आन् तिनं मागून शुगरचा रिपोर्ट माह्या खांद्यावर ठेवला. मी म्हनलं, माय, गोड कमी खा. तिनं जीभ काढून आरशात दाखवली. दुसऱ्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर बसला. अदबीनं इचारते, सर, कोनत्या बॅचचे? मी म्हनलं, तिसरी. तो म्हने, बापरे, मंग त लई सिनियर आहा. उतरताना पाया पडून गेला. चौथ्या दिवशी तीच म्हातारी पोरगा, सून आन् शेजारीन घेऊन आली, आन् सारे जीभ काढून बसले. मी ऑटो सरळ काकूच्या दारात आनला.

काकूनं त्यायले पानी पाजलं, रवाना केलं, आन् बैठक बोलावली. बैठकीत आमी तिघंच, बाकी कमोड. काकूचं म्हननं दोन गोष्टीचं होतं. एक, याच्या ऑटोत बसून पेशंट सिरियस होऊन राह्यले. आन् दुसरी...

"मी अध्यक्ष आहे," काकू म्हनाली, "आन् मले रोज कोनी ना कोनी मेलवर इचारते का माही मर्दानी ताकद कमी झाली का. तुमची कमी झाली ते मी कोनाले सांगतलं नाई. हे बंद करा."

 काकाजीनं उठून कॉम्प्युटरचं लुगडं काढलं. दोन दिवस चष्मा लावून त्याच्यातच होते. तिसऱ्या दिवशी मले बोलावून समजावून सांगतलं, जसं काही मी समजनार होतो. म्हनाले, माणूस आणि चोर यात फरक एकच. माणूस खिडकीवर आला की आधी नमस्कार करतो. आपल्या जिल्ह्यात तर हमखास. कोणी जय भीम म्हणेल, कोणी जय सेवा, कोणी रामराम, कोणी सलाम, पण तोंड उघडल्याबरोबर काम कोणी सांगत नाही. म्हनून त्यायनं कॉम्प्युटरले शिकवलं होतं का ज्या मेलमंधी याच्यातला एकही शब्द नाई, मराठीत नाई आन् इंग्रजी अक्षरात बी नाई, त्याले फलाटावर घेऊ नको. त्याच्यासाठी निराळा डब्बा केला आन् त्याले नाव देलं 'आऊटर'. स्टेशनाच्या बाहेर सिग्नलले गाडी उभी ठेवते ते आऊटर. वर्ध्याच्या मानसाले हे सांगा लागत नाई, आमचं अर्धं आयुष्य तिथंच गेलं.

मी म्हनलं, आन् तुमची ते बाई? ते त 'डिअर' म्हनते.

"डिअर तर ती सगळ्यांनाच म्हणते," काकाजी म्हनाले, पन आवाज जरा पडला होता.

नियम लई चांगला चालला. मर्दानी ताकद गेली, खातं बंद होनं बंद झालं. राह्यले ते खरे पेशंट, सकाळ-सकाळ चार-दोन मेल, सारे हात जोडून आलेले. काकू खुश. काकाजीचं मात्र तोंड उतरलं. चहा उशिरा आला तरी घोषना नाई. चौकशीची खिडकी उघडी आन् फलाटावर कुत्रं बी नाई, असं करून बसत.

एका गुरुवारी मी वॉकर वापस घेऊन गेलो त काकू भाजी आनाले गेलती आन् काकाजी कॉम्प्युटरपुढं चोरासारखे बसले होते. मले म्हने, दार लोटून घे. मी लोटलं. मंग हळूच म्हनाले का जरा आऊटरला चक्कर मारतो, बाईंची तब्येत पाहायची आहे.

बाई जिती होती. मरनाच्या दारातच होती, पन मेल टाकाची ताकद होती. काकाजीचा चेहरा खुलला. एक-एक मेल मोठ्यानं वाचत खाली गेले, आन् बाईच्या दोन मेलच्या मंधात अडकलेला एक मेल आला, आन् काकाजी वाचता-वाचता थांबले. त्याच्यात इतकंच होतं. व्हीलचेअर पायजे. गुरुवारी नातीचं लग्न. आन् आर्वी रोडवरच्या एका गावाचं नाव. तीन दिवसांपासून आऊटरले उभा होता.

"आज गुरुवार," काकाजी म्हनाले. त्यायचा आवाज भोंग्याबिगर मी पह्यल्यांदा ऐकला. बारीक होता.

नातीचं लग्न, आन् मानूस खाटीवर. त्यानं आपल्या खिडकीवर येऊन इचारलं, आन् खिडकीनं तोंड फिरवलं. काकाजीच्या मनात हेच चालू होतं, मले दिसून राह्यलं होतं. त्यायनं घाईनं एक ओळ टाकली, आपली खुर्ची निघाली आहे, आन् पायात चप्पल घातली. पन खुर्ची कोनती? साऱ्या व्हीलचेअर लोकायच्या घरी गेलत्या. एकच उरली होती, आन् ते मी दुरुस्त केलेली होती. आता मी दुरुस्त केल्यावर माहा सोताचा ऑटो बी चालत नाई, त खुर्चीचं काय. तिच्या एका चाकाले मी असं काही पिळलं होतं का ते खुर्ची सरळ ढकलली तरी डावीकडंच जाय. म्हनूनच उरली होती.

काकाजी मागं बसले, घडी केलेली खुर्ची मांडीवर.  मी दोन-तीन जोक मारले, तेही माह्याच अंगावर पडले. आर्वी रोडचे गड्डे चुकवता-चुकवता मी म्हनलं, काकाजी, चूक तुमची नाई, त्यानं एक शब्द नमस्कार लिहिला असता त काय बोट झिजलं असतं का? 

गावात मांडवाचा ढोल लांबूनच ऐकू आला. लग्न गावाच्या त्या टोकाले. पन इचारत-इचारत ज्या घरी पोचलो त्याच्या अंगनात एक आबाजी खाटीवर टेकून बसले होते, पायाले प्लास्टर, डोक्याले नवा कोरा फेटा, तोंड रस्त्याकडं. गोंडाचं घर होतं. सून बाजूले उभी, रागानं लाल. तिनं आमाले सारं भडाभडा सांगतलं. चार पोट्टे खाट उचलाले आलते, पन आबाजीनं हाकलून देले. म्हने, चौघाच्या खांद्यावर मानूस एकदाच जाते, आन् तो लग्नाले नाई जात. खुर्चीवर जाईन, नाई त इथंच बसून ढोल ऐकन. नात रडून-रडून मांडवात गेली. सून म्हने, सोताच्या बोटानं मेल टाकला यायनं, कोनाले हात लावू देला नाई, आन् तीन दिवस रस्त्याकडं पाहून राह्यले.

काकाजी पुढं झाले. त्यायनं रस्ताभर तयार केलेलं असन काहीतरी, गैरसोयीबद्दल, दिलगिरीबद्दल. तोंड उघडलं. पन त्यायच्या आधी आबाजीनं दोन्ही हात जोडले.

"जय सेवा, भाऊ."

"जय सेवा," काकाजी म्हनाले, आन् त्यायचे हात जोडलेलेच राह्यले. मंग न राहवून इचारलंच, "आबाजी, हे मेलमध्ये का नाही लिहिलं?"

आबाजीले प्रश्नच समजला नाई.

"मशीनले जय सेवा कसं म्हनू?" ते म्हने. "हात कोनापुढं जोडू? मानूस दिसला का म्हनतो. तुमी दिसले, म्हनलं."

 जन्मभर साऱ्या गाड्यायचं उत्तर देलेला मानूस अंगनात खाली बसला. त्यायनं सोता आबाजीचा प्लास्टरचा पाय उचलून खुर्चीच्या पाटीवर ठेवला.

आता ढकलाचं काम माहं. मी खुर्ची सरळ ढकलली. खुर्ची डावीकडं गेली, डायरेक्ट कोंबडीच्या खुराड्यावर. मी वापस आनली, परत ढकलली. सून म्हने, आनली बी त कशी आनली. मांडवापर्यंत मी कसा पोचलो ते मलेच माहीत. अर्धा रस्ता खुर्चीनं मले ओढलं. मांडवात शिरलो, साऱ्या पाव्हन्यायनं मान वळवली, ढोलवाले थांबले, आन् मांडवाच्या मंधातल्या खांबाजवळ आल्याबरोबर खुर्ची वळली आन् खांबाभोवती गोल फिराले लागली. मी थांबवतो त थांबत नाई. मले वाटलं, झालं, आता इथं मार खातो. देवाच्या खांबाले उलटा फेरा मारून राह्यलो, घड्याळाच्या उलट. मी डोळेच मिटले.

उघडले त आबाजीनं हात वर केलेला. मी म्हनलं, आता हाकलते. त ते म्हने, "थांबवू नको. आमच्यात फेरा याच हातानं राह्यते."

मले कुठं माहीत. त्यायच्यात सारे फेरे डाव्या हातानंच, घड्याळाच्या उलट. त्यायनं मले नंतर समजावलं का नांगर बी तसाच वळते, येल बी तसाच चढते, उलटे तुमीच फिरता. ढोलवाल्यायनं ढोल उचलला. नात धावत आली, खुर्चीच्या मुठीले एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आन् आमी फिरलो. फेटा मागं उडे, प्लास्टरचा पाय पुढं, आन् बायका शिट्ट्या मारून राह्यल्या. काकाजी मागून टाळ्या वाजवत पळत होते. थांबलो तवा मले चक्कर येऊन मी नवरदेवाच्या मामाच्या मांडीवर बसलो.

"हे खुर्ची आमच्यातलीच आहे," आबाजी म्हने. "कोनं बनवली?"

काकाजीनं छाती काढून माह्याकडं बोट केलं. "आमच्या उपाध्यक्षांनी." माह्या हातानं बिघडवलेल्या वस्तूची कोनी तारीफ केली, हे पह्यल्यांदा आन् शेवटचं.

त्यानंतर खुर्चीचं चाक काकाजीनं मले दुरुस्त करू देलं नाई. नियम बी तसाच ठेवला, पन रोज सकाळी सगळ्यात पह्यले आऊटर उघडत आन् एक-एक मेल वाचत. काकू चिडली त म्हनाले, "आऊटरला उभी असली तरी ती गाडीच असते. तिच्यात माणसं असतात."  विधवा बाईले बी परत पिनकोड मांगनं सुरू झालं, आन् चहाची घोषनाही.

मंग काकाजी-काकूले त्यायच्या पोरीनं पुन्याले नेलं. जाताना काकाजीनं कॉम्प्युटर माह्या घरी आनून ठेवला, लुगड्यासकट, आन् म्हनाले, पदाधिकारी म्हणून आता आऊटर तुमच्याकडे. मी अक्षर-अक्षर जोडून वाचतो. माहा एक मेल वाचून होईपर्यंत लोकायचं हाड जुळून येते. विधवा बाई अजूनही मरून राह्यली आहे. मले इंग्रजी येत नाई, म्हनून मी तिले हात जोडलेला फोटो पाठवतो. मागच्या काचीवरचं 'डॉ.' अजूनही गेलं नाई, रॉकेलनं पुसलं त अजून चमकाले लागलं.

यंदाच्या हिवाळ्यात आऊटरले एक मेल सापडला. व्हीलचेअर पायजे. रविवारी. वर्धा स्टेशन. बस. ना राम ना सलाम. मी म्हनलं, कोन आहे हा बेशरम, हुकूम सोडून राह्यला. मंग बोट ठेवून पाठवनाराचा पत्ता वाचला. सचिवाचा होता.

रविवारी मी फलाटावर उभा, पुढं तेच खुर्ची, कारन दुसरी उरतच नाई. गाडी अर्थातच आऊटरले थांबलेली. आली तवा आधी काकू उतरली. म्हने, बाथरूममंधी घसरले, आन् पडता-पडता बी घोषना करून राह्यले होते. मंग दोन मानसायनं काकाजीले डब्याच्या दारातून खाली घेतलं. वाळले होते. एक पाय वर धरलेला. खुर्चीत बसाच्या आधी त्यायनं माह्याकडं पाह्यलं आन् दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, उपाध्यक्ष साहेब."

मी बी जोडले. म्हनलं, मेलमंधी काऊन नाई लिहिलं? मले त माहीत होतं ते काय म्हननार.

"तुम्ही दिसला नव्हता," ते म्हने. "मेल कुठं सापडला?"

"आऊटरले, काकाजी."

"आत्तापर्यंत मी पण तिथंच होतो," ते म्हनाले आन् खुर्चीत बसले.

मी खुर्ची सरळ गेटाकडं ढकलली. खुर्ची डावीकडं वळली, चहाच्या टपरीकडं. हमाल बाजूले झाले, एक म्हातारी पिशवी उचलून सरकली, आन् काकाजीनं मान वर करून असा आवाज काढला का फलाटाच्या खऱ्या भोंग्याकडं कोनी पाह्यलंच नाई.

"कृपया लक्ष द्या. ही खुर्ची फक्त डावीकडे जाते. प्रवाशांनी उजवीकडे व्हावं."